भरावावरची चाकं

कालवा भरून चाललेला असतो तेव्हा भरावावर उभ्या असलेल्या माणसाला तिथं काहीच घडताना दिसत नाही. नदीसारखा आवाज नाही, फेस नाही, खळखळाट नाही. पाणी एका रेषेत गुपचूप सरकत राहतं. मुळा धरणाचा उजवा कालवा जोरात चालू असला की सेकंदाला हजारावर घनफूट पाणी पुढे जातं, लिटरच्या हिशेबात 28 हजारांहून जास्त. वेग पाहिला तर माणसाच्या चालीएवढाच. पण या शांत दिसणाऱ्या पाण्यात पडलेला धडधाकट बैल बाहेर येता न आल्यामुळे मेलेला मी पाहिला आहे. माणसंही पाहिली आहेत.

मी कालवा निरीक्षक होतो. राहुरी आणि नेवासे या दोन तालुक्यांतच नोकरीची बरीचशी वर्षं गेली. गेजवरची पातळी वाचायची, चाऱ्यांची गेटं उघडायच्या-मिटायच्या वेळा पाळायच्या, पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज घ्यायचे, पिकांची मोजणी करायची आणि आवर्तन चालू असलं की रात्री गस्त घालायची, हे माझं काम. बारागाव नांदूरच्या या मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावतं. ते राहुरीतून नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे जातं आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल की नाही हे वाटेतल्या प्रत्येक किलोमीटरच्या भरावावर ठरतं. टेलचा माणूस रात्री दोनला फोन करून विचारतो, “साहेब, पाणी कुठवर आलं?” त्या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून भरावाच्या माथ्यावर रस्ता ठेवलेला असतो. तो देखरेखीसाठी आहे. गाववाले त्याला पाटाचा रस्ता म्हणतात आणि तो आपलाच समजतात. त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही, कारण दोन्ही बाजूंना शेतं त्यांचीच आहेत.

पूर्वी या रस्त्यावर बैलगाडी, सायकल, एखादी मोटारसायकल दिसायची. शेवटच्या काही वर्षांत माझ्या गस्तीच्या वहीत नवीनच नोंद येऊ लागली, ती चार्जिंगच्या गाड्यांची.

या गाड्या खेड्यात का पसरल्या हे समजायला अवघड नाही. मोटारीची ताकद 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल तर केंद्राच्या नियमांत तिला मोटारवाहन मानत नाहीत. म्हणजे लायसन नको, पासिंग नको, पाटी नको. पेट्रोलचा खर्चही नाही. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत, वडिलांना सकाळी दूध घालायला डेअरीवर जायचं असतं, मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ही गाडी येते. आई-बापाला वाटतं, सायकलपेक्षा थोडीशी मोठी, एवढंच. पण यातल्या कित्येक गाड्यांचं वेगाचं लॉक तालुक्याच्या गावात काढून मिळतं. तसं लॉक काढलेली गाडी चाळिशीच्या पुढे जाते आणि त्या क्षणी ती सवलतीच्या नियमातून बाहेर पडते, हे घरात कोणाच्या गावीही नसतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं मोटारवाहन चालवलं तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याला मुलाची गाडी मोटारवाहन वाटतच नाही, त्याला या कायद्याची भीती कशी वाटणार?

आता भरावाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चाकांनी काय बिघडतं हे मला गावोगाव समजावून सांगावं लागलं आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते आधी कोणी सांगितलेलंच नव्हतं.

भराव थराथरानं घातलेला असतो. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. माथ्याला बाहेरच्या अंगाला किंचित उतार ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी माथ्यावर न थांबता पसरून शेताकडे निघून जातं. एकामागून एक चाकं त्याच वाटेनं गेली की चाकोरी पडते. चाकोरी पडली की तो उतार मोडतो. पाऊस त्या दोन रेघांमध्ये साठतो, वाट शोधत पुढे जातो आणि जिथं सापडेल तिथून बाहेरच्या अंगावरून एकवटून खाली उतरतो. तिथं घळ पडते. आमच्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्याच वळवाचं पाणी त्या भेगांत शिरतं. तिथं घुशीचं बीळ असलं, वेड्या बाभळीचं कुजलेलं मूळ असलं, तर पाण्याला आतून रस्ता मिळतो. पुढच्या आवर्तनात भरावाच्या पायथ्याशी ओल दिसते. ओल स्वच्छ पाण्याची असेल तोवर धीर असतो. गढूळ पाणी येऊ लागलं की माती आतून वाहू लागली असं समजायचं आणि रात्री-अपरात्री मातीची पोती घेऊन पळायचं.

27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला. भर दिवसा वस्तीत पाणी घुसलं, शेकडो घरांचा संसार वाहून गेला. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं सांगितलं, तेव्हा पुष्कळ लोक हसले. त्या घटनेला आणखीही कारणं असतील. पण बिळं शोधत भरावावर फिरलेल्या आमच्यापैकी कोणाला हसू आलं नाही. भराव एका दिवसात फुटत नाही, तो कित्येक महिने आतून रिकामा होत असतो.

एक गाडी, एक मुलगा यानं कालवा फुटत नाही, हे मलाही कळतं. पण शाळा सुटल्यावर चाळीस-पन्नास गाड्या, रविवारी रील काढायला आलेली पोरं, शनी अमावस्येला दर्शनाच्या गर्दीनं घोडेगावचा रस्ता तुंबला की चारीवरून वाट काढणारी वाहनं, हे सगळं एकाच अरुंद पट्ट्यावर चालतं. पावसाळ्यात ओल्या मातीत गाडी घसरते, मुलं ती रेटून काढतात, आणि जिथं चाक फिरतं तिथं वीतभर खड्डा पडतो.

भरावापेक्षा मला जास्त काळजी माणसांची वाटायची.

पाटाच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचे कान पाठीमागे असतात. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही, मागून फटफटी आली की ती आवाजावरून बाजूला होते. धनगर मेंढ्या घेऊन चाललेला असतो, तोही आवाजावरच कळप आवरतो. चार्जिंगच्या गाडीला आवाज नाही. त्यात मुलं बॅटरी वाचवायला दिवा बंद ठेवतात. एका संध्याकाळी, गव्हाचं आवर्तन चालू असताना, अशाच एका गाडीनं गवताचा भारा घेऊन निघालेल्या मावशींना मागून धडक दिली. मावशी बाहेरच्या अंगाला पडल्या, म्हणून वाचल्या. पण खुबा मोडला. मी पोहोचलो तेव्हा त्या गवतावरच आडव्या होत्या आणि शेजारी तो मुलगा ढसाढसा रडत बसला होता. मावशी त्यालाच म्हणत होत्या, “रडू नको रे बाळा, तुला लागलं का कुढं?” आत, पाण्याच्या बाजूला पडल्या असत्या तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं. त्यानंतर त्या पुन्हा शेतावर चालत जाऊ शकल्या नाहीत.

कायदा आहे. 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमानं कालव्याला इजा पोहोचवणं हा गुन्हा ठरवला आहे. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, 1873 मध्ये, उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांसाठी इंग्रजांनी कायदा केला. त्यात कालव्याच्या काठावरून नियमाविरुद्ध जनावरं किंवा वाहनं नेणं हा गुन्हा होता, पण एका अटीवर: त्या माणसाला आधी ‘असं करू नको’ असं सांगितलेलं असलं पाहिजे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. शिक्षेच्या आधी सांगणं आलं आणि सांगायला तिथं माणूस उभा असायला हवा. आज कित्येक किलोमीटर भरावावर सांगणाराच कोणी नसतो. चौकीदाराच्या जागा रिकाम्या राहतात. पाटी लावली तर आठवड्याभरात तिचा पत्रा नाहीसा होतो.

मावशींच्या अपघातानंतर आम्ही पाटाच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा बार लावला. दुचाकी शिरू नये म्हणून बाजूला दगड रोवले. तिसऱ्या दिवशी शेतकरी माझ्याकडे आले. ते भांडायला आले नव्हते, अडचण सांगायला आले होते. एकाची मोटर जळाली होती आणि ती काढून न्यायला गाडी आत आणता येत नव्हती. एकाच्या गोठ्याला चारा याच वाटेनं जायचा. बारची चावी चौकीदाराकडे आणि चौकीदार दुसऱ्या चारीवर. पंधरवड्यात बारचं कुलूप तुटलं. मुलांनी तर दगडांच्या बाजूनं, थेट भरावाच्या अंगावरून नवी वाट पाडली. आधी माथ्यावर चाकोरी होती, आता बाजूचा उतारही उकरला गेला. बंदीनं नुकसान वाढलं होतं.

त्याच सुमारास मी सकाळी बारजवळ थांबू लागलो. सांगायचं तर समोर उभं राहून सांगावं, एवढाच विचार होता. एका मुलीला अडवलं. नववीत असावी, मागे धाकटा भाऊ, दोघांच्या पाठीवर दप्तरं. मी तिला रस्ता कोणाचा, कशासाठी, पाण्याची ओढ किती, हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, समजलं. पण आम्ही शाळेत कुठून जायचं ते सांगा.”

मी तिच्याबरोबर दुसऱ्या वाटेनं, डांबरी रस्त्यानं शाळेपर्यंत गेलो. गळीत हंगाम चालू होता. आमच्या भागात हंगामात रस्त्यावर काय असतं हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना लाल कापड. रस्त्याची साइडपट्टी खचलेली. समोरून मालट्रक आला की दुचाकीवाल्यानं डांबर सोडून खाली उतरायचं आणि खाली एक वीत खोल खड्डा. नगर-मनमाड रस्त्यावर गेलेल्या जिवांच्या बातम्या इथं प्रत्येक घरानं वाचलेल्या आहेत, काहींनी आपल्याच घराची वाचली आहे. त्या मुलीच्या आईनं तिला बजावलं होतं: डांबरीनं जायचं नाही, पाटानं जायचं, तिथं समोरून कोणी येत नाही. आईनं विचार करून, आपल्या मुलांच्या जिवासाठी पाट निवडला होता. मी तिला अतिक्रमण करणारी कसं म्हणणार होतो?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. मुलांना भरावावरून उतरवायचं तर उतरून जायला जागा दिली पाहिजे. आणि जागा होती. कालव्यासाठी संपादित केलेला पट्टा भरावाच्या पायथ्यापाशी संपत नाही, पायथ्याच्या पुढेही काही मीटर असतो. बांधकामाच्या वेळी त्याच पट्ट्यावरून गाढवं आणि डंपर फिरलेले असतात. नंतर तिथं वेडी बाभूळ माजते, कुठं उकिरडा होतो, कुठं बांध सरकत सरकत आत येतो. हा पट्टा मोकळा केला तर भरावाला धक्का न लावता, पाण्यापासून दूर, ट्रॉल्यांपासूनही दूर अशी वाट निघते.

पण त्याआधी मुलांना पाणी दाखवायचं होतं, आणि ते कालवा कोरडा असतानाच दाखवता येतं. आवर्तन बंद झाल्यावर शाळेच्या परवानगीनं आम्ही वरच्या वर्गांच्या मुलांना अस्तरीकरण असलेल्या तुकड्यावर नेलं. दीडास एक असा उतार. कोरड्या काँक्रीटवर मुलं धावत खाली गेली आणि धावतच वर आली. त्यांना वाटलं, यात काय आहे? मग तळाला उरलेल्या डबक्याच्या कडेला, जिथं काँक्रीटवर शेवाळ होतं, तिथं वर चढायला सांगितलं. अर्थात दोर बांधून, दोन गडी खाली ठेवून. शाळेत कबड्डी खेळणारा दांडगा मुलगा गुडघाभर पाण्यातून निघून तीन पावलंही वर येऊ शकला नाही. हात टेकला की घसरतो, पाय रोवला की घसरतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून तो थकून बसला. मी म्हणालो, पाणी तुझ्या डोक्यावर आहे आणि तुला पुढे ओढतंय असं समज. कोणी हसलं नाही.

मग पुढे सायफनच्या तोंडाशी नेलं. ओढ्याखालून कालवा जातो तिथं पाणी बोगद्यात शिरतं, वरून नुसतं पाणी थोडं खाली दबल्यासारखं दिसतं. तिथं गेलेला माणूस पलीकडे जिवंत निघत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मुलांपासून हे लपवण्यात काही दया नाही. काय करायचं तेही सांगितलं: गाडी पाण्यात गेली तर गाडीचा नाद सोडायचा. पडलेल्यामागे उडी मारायची नाही. दोर, ठिबकची नळी, साडी, जे हाताशी असेल ते टाकायचं आणि पाण्याच्या पुढे पळून जिथं पायऱ्या आहेत तिथं पोहोचायचं. पडलेल्यानं ओढीच्या उलट पोहायचं नाही, पाण्याबरोबर वाहत कडेला लागून पायऱ्या गाठायच्या. पायऱ्या कुठं कुठं आहेत हे मुलांनी त्या दिवशी वहीत उतरवून घेतलं. दोन पायऱ्यांमधलं अंतर फार आहे, हेही त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं.

पायथ्याच्या वाटेचं काम सोपं नव्हतं. मुळा खोऱ्यात पाणीवापर संस्थांची जुनी परंपरा आहे, आणि 2005 च्या कायद्यानं सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकारच शेतकऱ्यांना दिला. पण ज्याचा बांध दोन हात आत आलेला आहे त्याला मागे सरायला सांगणं हे पाण्याची पाळी ठरवण्यापेक्षा अवघड. बैठका झाल्या, आवाज चढले. एक म्हातारे बाबा, ज्यांचा बांध सगळ्यात जास्त सरकलेला होता, ते शेवटच्या बैठकीत उठले आणि म्हणाले, “माझा नातूबी त्याच पाटावरून जातो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मेर मागे घेतली. मग बाकीचे बोलायचे थांबले. बाभळी काढल्या, मुरूम टाकला, ओल येणाऱ्या जागा मोकळ्या ठेवल्या, म्हणजे गळती दिसायला अडचण नको. दोन मीटर रुंदीची कच्ची वाट झाली. शेतकऱ्यांच्या गाड्यांसाठी माथ्यावरचा बार तसाच राहिला, पण आता चावी बारच्या शेजारच्या वस्तीवर असते.

वाट झाली म्हणून वेग कमी झाला नाही. लॉक काढलेल्या गाड्या पायथ्यावरूनही तशाच सुसाट जाऊ लागल्या. त्यासाठी ग्रामसभेत पालकांशी बोलावं लागलं: लॉक परत बसवा, दिवा चालू ठेवायला सांगा, हेल्मेट नियमात नसलं तरी घाला, मागे एकापेक्षा जास्त बसवू नका. काहींनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या मुलांना शाळेनं गाडी आवारात लावायला बंदी केली. त्याचा उपयोग माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला.

एक जागा मात्र सुटली नाही. ओढा ओलांडताना कालवा जलसेतूवरून जातो आणि पायथ्याची वाट ओढ्यात उतरते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मुलं पुन्हा भराव चढून जलसेतूच्या कडेनं जातात. तिथं कठडा नाही. नळ्या टाकून छोटा फरशी पूल करावा असा ठराव ग्रामपंचायतीनं केला आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तो ठराव कागदावरच होता. अजूनही मी त्याची चौकशी करायला जातो.

जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात त्या याच जिल्ह्यात, निळवंडे धरणाचे नवे कालवे झाले आहेत. 31 मे 2023 ला डाव्या कालव्यात पहिल्यांदा चाचणीचं पाणी सुटलं, तेव्हा अकोले-संगमनेरची माणसं ते बघायला भरावावर धावली. 1970 पासून वाट पाहिलेलं पाणी होतं ते. 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते या 85 किलोमीटरच्या कालव्याचं लोकार्पण झालं. मी मुद्दाम जाऊन त्याचा काही भाग पाहून आलो. माथा सपाट, मुरूम ताजा, चढ नाही, खड्डा नाही, समोरून ट्रॉली नाही. चार्जिंगच्या गाडीला याहून चांगला रस्ता त्या भागात दुसरा नाही, आणि मुलांनी तो हेरलेला मी पाहिला. तिथं पायथ्याची वाट आत्ताच आखता येईल. जमीन कालव्याच्या नावावर आहे, बांध अजून सरकलेले नाहीत, आणि बाभळी अजून गुडघ्याएवढ्याच आहेत.